अंगठा उमटवण्यापूर्वी

रविवारची सकाळ. चहाचे कप अजून टेबलावरच होते. पुण्याहून आलेल्या भाच्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्याच्याशेजारी एक लहानसा खोका ठेवला. खोक्यातून निघाली ती बोटभर लांबीची, पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक वस्तू. तिला इवलासा पडदा आणि दोन बटणे. "मामा, ही माझी तिजोरी," तो म्हणाला. "आईचे पैसेही आता यातच ठेवायचे."

आईचे म्हणजे माझ्या ताईचे. ताई शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतले दोन लाख रुपये तिने मुलाच्या शब्दावर बिटकॉइनमध्ये घातले होते. मला ते कळले तेव्हा मी रागावलो होतो. मी ३४ वर्षे बँकेत काढली आहेत. ज्या पैशामागे ना रिझर्व्ह बँकेची हमी, ना गव्हर्नरची सही, त्याला पैसा म्हणायला माझी जीभ अजूनही कचरते. पण रक्कम गुंतून बसलीच होती. ती आजवर एका एक्स्चेंजच्या खात्यात होती. आता ती स्वतःच्या ताब्यात घ्यायची, असे भाच्याने ठरवले होते.

"आणि गंमत बघा," तो म्हणाला, "याला चोवीस शब्दांचा एक संच लागतो. तो लिहून घ्यायची कटकट असते म्हणतात. पण इथे खोक्यातच छापील कार्ड आलेय." त्याने एक गुळगुळीत कार्ड पुढे केले. त्यावर चोवीस इंग्रजी शब्द सुबक टाइपात छापले होते.

मला त्या यंत्रातले काही कळत नव्हते. मी फक्त बँकेतला प्रश्न विचारला : "अरे, हे शब्द छापले कोणी? आणि ज्याने छापले त्याच्याकडे त्याची प्रत नसेल कशावरून?"

भाचा गप्प झाला. यंत्र त्याने इंटरनेटवरच्या कुणा विक्रेत्याकडून बरेच स्वस्तात घेतले होते. त्याने लॅपटॉपवरून हात काढला. नंतरची दोन तास आम्ही फक्त वाचत होतो. ती वायर त्या दिवशी जोडली गेली नाही. जोडली असती आणि ते शब्द वापरले असते, तर ताईचे दोन लाख त्या विक्रेत्याच्या खिशात आपण होऊन नेऊन घातल्यासारखे झाले असते.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरांतून आता अशी यंत्रे येऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा आणतो, कुणाची सून. म्हणून एका जुन्या बँकवाल्याला जे समजले, ते इथे मांडतो आहे. हे पैसे कुणी घ्यावेत, असा सल्ला मी देत नाही. ज्यांनी घेतले आहेत, त्यांनी ते हलगर्जीपणाने घालवू नयेत, एवढेच.

तिजोरीत काय असते?

पहिला गैरसमज आधी दूर केला पाहिजे. या तिजोरीत नाणी नसतात. बिटकॉइनचे जाळे ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले, तेव्हापासून त्याचा हिशेब एका सार्वजनिक खातेवहीत लिहिला जातो. त्या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. कुठल्या पत्त्यावर किती रक्कम आहे, हे कुणीही पाहू शकतो. ती रक्कम हलवायची, तर मात्र त्या पत्त्याची गुप्त किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य संख्या. तिला ७८ आकडे असू शकतात. ती ज्याच्याकडे, तो मालक. वही दुसरे काही विचारत नाही. नाव नाही, आधार नाही, पासबुक नाही.

किल्ली साध्या संगणकावर ठेवली, तर त्या संगणकात शिरलेला चोर ती उचलून नेतो. या धंद्यातल्या जुन्या लोकांना हे अनुभवाने कळले. प्रागमधला मारेक पालातिनुस, ज्याला सगळे 'स्लश' म्हणून ओळखतात, याचे तीन हजारांहून अधिक बिटकॉइन मार्च २०१२ मध्ये भाड्याच्या सर्व्हरवरून चोरीला गेले. त्याने पावोल रुस्नाक या सहकाऱ्याबरोबर केलेले यंत्र २०१४ मध्ये बाजारात आले. त्याचे नाव 'ट्रेझर'. चेक भाषेत या शब्दाचा अर्थच तिजोरी असा आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये 'लेजर' ही कंपनी स्थापन झाली. आज या प्रकारची यंत्रे बनवणारे अनेक आहेत. त्यांना हार्डवेअर वॉलेट म्हणतात.

यंत्रामागची कल्पना साधी आहे. किल्ली यंत्राच्या आतच तयार होते आणि आतच राहते. संगणक यंत्राकडे व्यवहाराचा मसुदा पाठवतो : अमुक रक्कम, तमुक पत्ता. यंत्र तो आपल्या पडद्यावर दाखवते. मालकाने बटण दाबले की यंत्र आतल्या आत त्यावर सही करते आणि फक्त सही केलेला कागद बाहेर देते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शिक्का स्ट्राँगरूमच्या बाहेर कधी येतच नाही. खिडकीतून कागद आत जातो आणि शिक्का उमटून परत येतो.

म्हणून संगणकाला जोडले म्हणजे किल्ली गेली, अशी भीती बाळगायचे कारण नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी संगणक मुळात बेइमान आहे असे धरूनच ते घडवले आहे. ट्रेझरच्या पहिल्या यंत्रात पिन टाकायची पद्धत पाहण्यासारखी आहे. आकड्यांचा चौकोन यंत्राच्या पडद्यावर दर वेळी उलटसुलट क्रमाने दिसतो आणि संगणकावर दिसतात फक्त नऊ रिकाम्या जागा. यंत्राकडे बघायचे आणि संगणकावर रिकाम्या जागा दाबायच्या. संगणकात कुणी लपून बसला असला, तरी कोणता आकडा दाबला हे त्याला कळत नाही.

पण हाच संगणक खोटे बोलू शकतो, हे विसरता कामा नये. तो किल्ली चोरू शकत नाही. तो तुमच्याकडून चुकीच्या कागदावर सही करून घेऊ शकतो. सगळी काळजी घ्यायची ती इथे.

वायर लावण्याआधी

काळजीची सुरुवात वायरीपासून होत नाही, खरेदीपासून होते. यंत्र कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले, स्वस्तातले, मित्राच्या मित्राचे नको. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी एका नकली ट्रेझरची उकल केली. खोका, होलोग्रामचे स्टिकर, सगळे अस्सल वाटावे असे. आतली चिप मात्र बदललेली. मालकाला वाटे, यंत्राने त्याच्यासाठी नवे शब्द तयार केले. प्रत्यक्षात ते चोराने आधीच ठरवलेल्या वीस संचांपैकी एक असत. त्या गृहस्थाचे १.३३ बिटकॉइन गेले, तेव्हा यंत्र कशालाही जोडलेले नव्हते. ते घरच्या तिजोरीत बंद होते.

आमच्या खोक्यातले छापील कार्ड हा याच जातीचा, पण अधिक ओबडधोबड प्रकार. कुठलाही प्रामाणिक उत्पादक शब्द छापून देत नाही. शब्द यंत्राने मालकासमोर, त्याच्या पडद्यावर, पहिल्यांदाच दाखवायचे असतात. कार्ड येते ते कोरे, आपण लिहिण्यासाठी. तसेच पिन आधीच ठरवून आलेले यंत्रही घेऊ नये. नव्या यंत्राने आपल्यालाच पिन ठरवायला सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. यंत्राशी बोलणारा कार्यक्रम कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि तो पत्ता खोक्यातल्या पुस्तिकेवरून पाहून हाताने टाइप करावा. शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दुकानात लेजरच्या नावाचा खोटा कार्यक्रम येऊन बसला होता. तो काढून टाकेपर्यंत लोकांचे लाखो डॉलर गेले.

अस्सल कार्यक्रम यंत्र जोडताच त्याची परीक्षा घेतो. लेजरचे यंत्र आतल्या चिपमधल्या गुप्त दाखल्याच्या आधारे आपण खरे असल्याचे कंपनीच्या सर्व्हरला पटवून देते. ट्रेझर मूळ प्रणालीशिवायच येते. पहिल्या जोडणीत ती भरली जाते आणि तिच्यावर कंपनीची सही आहे की नाही, हे यंत्र स्वतः तपासते. यंत्र 'यात आधीच प्रणाली आहे' असे म्हणाले, तर तिथेच थांबावे. ही परीक्षा टाळून पुढे जाऊ नये.

संगणक कोणता? शक्यतो स्वतःचा, ताज्या सुधारणा घातलेला आणि फुकटचे कार्यक्रम कुठूनतरी उतरवून न बिघडवलेला. सायबर कॅफेतला, कार्यालयातला किंवा शेजारच्या मुलाचा नको. वायर खोक्यात आलेलीच वापरावी.

वायरीवरून आठवले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याचा क्षण मला कोणता वाटतो सांगू? यंत्र जोडले आणि काही झालेच नाही, तो क्षण. पडद्यावर 'यंत्र सापडले नाही' अशी पाटी येते. माणूस घाबरतो. पैसे गेले की काय, असे वाटते. मग तो इंटरनेटवर मदत शोधतो आणि तिथे मदतीला गोड बोलणारे तयारच असतात : "आपले चोवीस शब्द इथे भरा, आम्ही यंत्र पुन्हा जोडून देतो." घाबरलेला माणूस भरतो. पाच मिनिटांत खाते रिकामे.

खरी कारणे बहुधा फार क्षुल्लक असतात. मोबाइल चार्जिंगच्या काही वायरींत फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. यंत्र उजळते, पण संगणकाला दिसत नाही. कधी मध्ये लावलेला हब आडवा येतो. यंत्र थेट संगणकाला लावले की चालते. कधी यंत्राचा पिनच टाकलेला नसतो. लेजरमध्ये बिटकॉइनचा वेगळा कप्पा यंत्रावर उघडावा लागतो, तो उघडलेला नसतो. कधी दुसराच एखादा कार्यक्रम यंत्र अडवून बसलेला असतो. लिनक्स वापरणाऱ्यांना परवानगीची एक फाइल घालावी लागते. वायर बदला, दुसऱ्या खाचेत लावा, बाकीचे कार्यक्रम बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र काढून ठेवा आणि उद्या बघा. रक्कम यंत्रात नाहीच, ती वहीत आहे. एका दिवसाने तिचे काही बिघडत नाही.

आणि काहीही झाले, तरी ते शब्द कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत. त्यांचा फोटो काढायचा नाही, स्वतःला मेल करायचे नाहीत, फोनवर कुणाला वाचून दाखवायचे नाहीत. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निघतात. ही पद्धत २०१३ मध्ये ठरली आणि ती ठरवणाऱ्यांत प्रागचे ते दोघे होतेच. शब्दांतून किल्ली पुन्हा तयार होते. म्हणजे शब्द हीच किल्ली. यंत्र हरवले, जळले, पाण्यात पडले, तरी नव्या यंत्रात हे शब्द भरून सगळे परत मिळते. शब्द दुसऱ्याला मिळाले, तर त्याला यंत्राची गरजच उरत नाही. पहिल्या पिढीच्या ट्रेझरमध्ये शब्द संगणकावर उलटसुलट क्रमाने द्यावे लागत, हा अपवाद सोडला, तर आजच्या यंत्रांत ते यंत्राच्याच बटणांवर किंवा पडद्यावर भरायचे असतात.

कोऱ्या कागदावरची सही

आता त्या खोट्या संगणकाकडे वळू. पैसे पाठवायचे, तर समोरच्याचा पत्ता लागतो. बिटकॉइनचा पत्ता म्हणजे अक्षरे आणि आकडे यांची अर्थहीन माळ. आजच्या नेहमीच्या प्रकारात ४२ अक्षरे. ती कुणी हाताने लिहीत नाही. एकीकडून उचलायची आणि दुसरीकडे चिकटवायची. नेमक्या या क्षणाची वाट पाहणारे विषाणू आहेत. ते उचललेला पत्ता बदलून चोराचा पत्ता ठेवतात. पडद्यावर सगळे ठीक दिसते.

म्हणून पडताळा यंत्राच्या पडद्यावर घ्यायचा, संगणकाच्या नव्हे. पैसे मागवताना आपला पत्ता यंत्रावर दाखवायला लावायचा आणि तो संपूर्ण ताडून पाहायचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघून समाधान मानणाऱ्यांसाठीही चोरांनी युक्ती काढली आहे. ते टोकाची अक्षरे जुळतील असा पत्ता घडवतात आणि तिथून किरकोळ व्यवहार करून तो आपल्या जुन्या नोंदींत घुसवतात. पुढच्या वेळी माणूस नोंदीतून पत्ता उचलतो तो चोराचा. मे २०२४ मध्ये कुणा एकाने याच चुकीने १,१५५ 'रॅप्ड बिटकॉइन' एका झटक्यात पाठवले. किंमत सुमारे सात कोटी डॉलर. चोराशी बोलाचाली होऊन बहुतेक रक्कम परत आली, पण असे नशीब किती जणांचे असते?

यंत्राचा पडदाच जर अर्थ लागेल असे काही दाखवत नसेल, तर काय? हा प्रश्न मोठमोठ्यांना भोवला आहे. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे अंदाजे १,९०० कोटी रुपयांची मालमत्ता चोरीला गेली. तिथे एकाच्या सहीने पैसे हलत नव्हते. अनेक सह्या लागत आणि सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती. तरीही पैसे गेले. ज्या बाहेरच्या कंपनीच्या प्रणालीतून सह्या होत, तिच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच मजकुरावर झाली, असे वझीरएक्सचे म्हणणे. त्या कंपनीने दोष नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे सांगितले. लाखो सामान्य खातेदारांची क्रिप्टोतली रक्कम मात्र वर्षाहून अधिक काळ गोठून राहिली.

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमध्ये तेच घडले, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. सुमारे चार लाख ईथर, किंमत जवळजवळ दीड अब्ज डॉलर. सह्या घेण्याची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीतल्या एका प्रोग्रामरचा संगणक चोरांनी आधी ताब्यात घेतला आणि त्यातून संकेतस्थळाचा मजकूर फक्त बायबिटपुरता बदलला. सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसला. यंत्राच्या पडद्यावर जे दिसले त्यातून सामान्य माणसाला अर्थ काढता येण्यासारखा नव्हता. त्यांनी बटण दाबले. अमेरिकेच्या एफबीआयने याही चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला.

दोन्ही ठिकाणी किल्ली चोरली गेली नाही. तिजोरी फुटली नाही. सही खरी होती, तीही मालकांनी स्वतःच्या हाताने केलेली. या प्रकाराला त्या जगात आंधळी सही म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुने नाव आहे : कोऱ्या कागदावरचा अंगठा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या रागामागे हेही एक कारण होते. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे आणि वाचून दाखवणारा सावकाराचाच माणूस असे. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा, अशी तरतूद केली. वाचून दाखवणारा तिऱ्हाईत असावा, हा त्यातला मुद्दा.

यंत्राचा तो इवलासा पडदा म्हणजे हा तिऱ्हाईत. संगणक हा सावकाराचा कारकून आहे असे समजावे. तो काहीही वाचून दाखवील. पडदा जे दाखवतो त्यावरच सही करायची. पडद्यावरचे कळत नसेल, तर सही करायची नाही. साध्या बिटकॉइनच्या व्यवहारात पत्ता आणि रक्कम स्पष्ट दिसते. ईथरच्या जगातल्या गुंतागुंतीच्या करारांत मात्र पुष्कळदा नुसती आकड्यांची रांग दिसते. आंधळ्या सहीची परवानगी काही यंत्रांत आपण स्वतः चालू करावी लागते. ज्याला तिची गरज नाही, त्याने ती चालू करूच नये.

हे मी शहाणपणा मिरवायला लिहीत नाही. माझ्या हातूनही हे झाले आहे. शाखेत नवीन अधिकारी होतो. पहिली तारीख, काउंटरवर गर्दी. मोठ्या रकमेच्या ड्राफ्टवर दोन सह्या लागत. सहकाऱ्याची सही झालेली पाहिली आणि मी खाली माझी ठोकली. संध्याकाळी हिशेब जुळेना. ४०,५०० रुपयांचा फरक. रात्री साडेनऊला सापडले की ४,५०० च्या जागी ४५,००० चा ड्राफ्ट गेला होता. मी सहकाऱ्याची सही पाहिली होती, रक्कम पाहिली नव्हती. ग्राहक सज्जन निघाला, सकाळी ड्राफ्ट घेऊन स्वतःच परत आला. मला तेव्हा वाचवले ते संध्याकाळच्या हिशेबाने आणि एका भल्या माणसाने. या नव्या वहीत संध्याकाळचा हिशेब नसतो. गेलेली रक्कम परत बोलावणारा मॅनेजर नसतो. भारत सरकार २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर घेते. पण ती हरवली तर दाद मागायला लोकपाल नाही.

घरातले आणि मागे राहणारे

एक धोका वायरीतून येत नाही. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली. सुमारे दहा लाख ई-मेल पत्ते आणि त्यांपैकी पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांची नावे, घरचे पत्ते, फोन क्रमांक. यंत्रे शाबूत होती. पण तिजोरी कुणाच्या घरात आहे हे जगाला कळले. २०२१ मध्ये यांपैकी काहींना टपालाने नवी कोरी यंत्रे आली. सोबत कंपनीच्या नावाचे पत्र : सुरक्षेसाठी जुने यंत्र बदला, हे घ्या आणि आपले शब्द यात भरा. यंत्रे अर्थातच नकली. जानेवारी २०२५ मध्ये तर लेजरच्या एका सहसंस्थापकाचेच फ्रान्समध्ये घरातून अपहरण झाले आणि पोलिसांनी सोडवण्यापूर्वी त्याचे बोट कापले गेले. आपल्याकडे काय आहे हे चारचौघांत बोलू नये, ही आजीची शिकवण या तंत्रज्ञानालाही लागू आहे.

आमची गोष्ट पुढे अशी झाली. ते स्वस्तातले यंत्र भाच्याने बाजूला टाकले आणि नेमलेल्या विक्रेत्याकडून नवे मागवले. दोन आठवड्यांनी, तसाच रविवार. या वेळी ताईही आली होती. वायर लावली, यंत्राची परीक्षा झाली, पिन ठरला. शब्द पडद्यावर एकेक करून येऊ लागले तेव्हा भाच्याने मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. ताईने फळ्यावरच्या अक्षरात चोवीस शब्द दोन कागदांवर लिहिले, क्रमांकासह.

मग भाच्याने मुद्दाम यंत्र पुसून टाकले. ताईचा चेहरा उतरला. त्याने कागदावरून शब्द यंत्रात पुन्हा भरले आणि तेच पत्ते परत आले. रिकाम्या तिजोरीची दुसरी किल्ली चालते की नाही, हे पैसे ठेवण्यापूर्वीच बघायचे असते. आमच्या बँकेतही स्ट्राँगरूमच्या दुसऱ्या किल्ल्या लखोट्यात मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवत, आणि त्या ठरावीक काळाने आणून वापरात घेत.

त्यानंतर पत्त्याचा पडताळा. आमच्याकडे पूर्वी एक जण व्हाउचर वाचायचा आणि दुसरा खातेवहीत टिक करायचा. तसेच केले. भाचा लॅपटॉपवरची अक्षरे वाचत गेला, मी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून 'हो' म्हणत गेलो. बेचाळीस वेळा. एक्स्चेंजकडून आधी पाचशे रुपयांइतकीच रक्कम पाठवली. ती पोचली. तीच थोडी परत पाठवून सही होते का तेही पाहिले. मगच उरलेली रक्कम. काम झाल्यावर यंत्र काढून ठेवले.

सगळे आटोपल्यावर ताईने विचारले, "आणि मी गेल्यावर हे कुणाला कळणार?"

याचे उत्तर यंत्रात नव्हते. बँकेत नामनिर्देशनाचा फॉर्म असतो. इथे तसला फॉर्म नाही. शब्द सापडले नाहीत, तर रक्कम वहीत सगळ्यांना दिसत राहील आणि कुणालाच काढता येणार नाही. आम्ही तिघांनी बसून एक पत्र लिहिले, साध्या मराठीत. ही काय वस्तू आहे, कोणत्या कंपनीची आहे, शब्दांचे कागद कुठे आहेत, ते कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत, कुठल्याही कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत आणि घाई करायची नाही. ते पत्र ताईने तिच्या मृत्युपत्राबरोबर ठेवले. पत्रात शब्द नाहीत.

शब्दांचा एक लखोटा तिच्या कपाटात आहे. दुसरा कुठे ठेवावा, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तो ताईने आमच्याच जुन्या शाखेतल्या लॉकरमध्ये ठेवला. लॉकरच्या वहीत सही करताना तिने आधी चश्मा लावला आणि वरचा मजकूर सगळा वाचला. मागे रांग होती. कुणी काही बोलले नाही.